वकिली ऑफिससाठी लेझर प्रिंटर: लीगल कागद, स्टँपपेपर आणि कोकणातली दमट हवा

कोर्टकागद:
घराच्या पुढच्या खोलीतल्या वकिली ऑफिससाठी प्रिंटर घ्यायचा आहे. ठिकाण चिपळूण. गरज अशी आहे:

महिन्याला ९०० ते १,००० पृष्ठं, सगळी काळी-पांढरी. निम्मी ए-४, निम्मी लीगल, मधूनमधून स्टँपपेपर. मजकूर बहुतेक मराठी. ई-फायलिंगसाठी आठवड्याला शंभरेक पृष्ठं स्कॅन होतात, त्यात पक्षकारांचे जुने लीगल कागदही असतात. दोन संगणक आणि एक मोबाइल, तिन्हींवरून छपाई हवी. वीज सारखी जाते-येते, घरात ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आहे.

एक दुकानदार एचपीचा एम१००५ किंवा १०२० सुचवतो, कारण "१२ए टोनर कुठेही मिळतो आणि गल्लीत रिफिल होतो". दुसरा म्हणतो, "जुनं सोडा, वायफायवाला मल्टिफंक्शन घ्या." बजेट पंचवीस हजारांच्या आसपास. काय बघून घ्यावा?

फ्यूजर:
तुमच्या यादीतला एकच शब्द निवड ठरवतो: लीगल. बाकी सगळं बहुतेक प्रिंटर करतात.

खोक्यावर "लीगल सपोर्ट" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की लीगल कागद ट्रेमध्ये बसतो आणि एका बाजूला छापून येतो. आपोआप दोन्ही बाजू छापणं, म्हणजे ऑटो ड्युप्लेक्स, आपल्याकडच्या अनेक छोट्या मॉडेल्समध्ये फक्त ए-४ साठी चालतं. कागद उलटवून परत आत घेणारा मार्ग त्या मापाचाच असतो. माहितीपत्रकात "ड्युप्लेक्स" शब्दावर टिक दिसली म्हणून खूश होऊ नका. त्याच्याखाली "दुबाजू छपाईची मापं" अशी ओळ असते, ती वाचा. तिथे फक्त ए-४ असेल तर लीगल कागद हातानेच उलटवावा लागेल.

स्कॅनरचंही तसंच. मल्टिफंक्शनची काच बहुधा २१६ × २९७ मिलिमीटरची, म्हणजे ए-४ पुरती. लीगल कागद ३५६ मिलिमीटर लांब, काचेवर त्याचा खालचा सहा सेंटिमीटर भाग बाहेर राहतो. नेमकी सही-शिक्क्याची जागा तीच. त्यामुळे लीगल स्कॅन करायचं तर वर कागद ओढून घेणारा फीडर, म्हणजे एडीएफ, हवाच. एम१००५ ला फीडर नाही, ड्युप्लेक्स नाही, नेटवर्कही नाही. यूएसबीने एका संगणकाला जोडायचा आणि प्रत्येक कागदासाठी झाकण उचलायचं. शंभर पृष्ठांना शंभर वेळा. मशीन दणकट आहे यात वाद नाही, पण तुमच्या कामाचं नाही. १०२० तर नुसता प्रिंटर, शिवाय त्याचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून भरलं जातं. ड्रायव्हर रुसला की तो नुसता खोका.

तर शोधायचं हे: काळा-पांढरा मल्टिफंक्शन, ए-४ ऑटो ड्युप्लेक्स, लीगल घेणारा एडीएफ, लॅन केबलची जागा, आणि मागचं झाकण उघडून कागद सरळ बाहेर काढता येणारी रचना. ती रचना स्टँपपेपरसाठी.

जुने चुरगळलेले, चिकटपट्टी लावलेले दस्त मात्र एडीएफमध्ये घालू नका. फाटतील आणि मूळ कागद गेला की गेला. ते काचेवरच, दोन भागांत, किंवा झेरॉक्स काढून ती प्रत फीडरमधून.

रिफिलवाला:
वरचं पटलं. आता टोनरचा हिशेब, कारण प्रिंटरची किंमत एकदाच जाते, टोनरची दर दोन-तीन महिन्यांनी.

आधी एक घोळ मिटवू. मराठीत आपण "पान" म्हणतो तेव्हा कधी कागद असतो, कधी बाजू. कंपनी मोजते ती बाजू. "२,६०० पानं" म्हणजे दोन्ही बाजूंनी छापले तर १,३०० कागद. हा आकडा काळ्या-पांढऱ्या टोनरसाठी आयएसओ १९७५२ या मानकाने काढतात, त्यात पृष्ठाचा साधारण ५ टक्के भाग काळा धरला जातो. लीगलचं क्षेत्रफळ ए-४ पेक्षा २३ टक्के जास्त. म्हणजे तुमची ४७५ ए-४ आणि ४७५ लीगल मिळून महिन्याला जवळपास १,०६० ए-४ होतात, वर्षाला पावणेतेरा हजार.

आता दोन रचना असतात. एचपी आणि कॅननच्या बऱ्याचशा छोट्या प्रिंटरमध्ये पावडर, ड्रम (ज्यावर आधी अक्षरं उमटतात तो रोलर), चार्ज रोलर, सगळं एकाच कार्ट्रिजमध्ये. १२ए त्यातला, २,००० पृष्ठांचा. कार्ट्रिज बदललं की ड्रमही नवा मिळतो. ब्रदरमध्ये टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा. उदाहरणार्थ टीएन-२३६५ टोनर २,६०० पृष्ठांचा, त्याच्या जोडीचा डीआर-२३६५ ड्रम १२,००० पृष्ठांचा. तुमच्या वापरात टोनर वर्षाला पाच आणि ड्रम जवळपास एक.

हिशेब असा मांडा: टोनरची किंमत भागिले पृष्ठं, अधिक ड्रमची किंमत भागिले पृष्ठं. समजा टोनर ३,००० ला आणि ड्रम ५,५०० ला पडला, तर १ रुपया १५ पैसे अधिक ४६ पैसे, म्हणजे पृष्ठामागे १ रुपया ६१ पैसे. सुट्या ड्रमचा प्रिंटर स्वस्त वाटतो तो नुसता टोनर मोजल्यामुळे. ड्रम हिशेबात धरल्याशिवाय तुलना करू नका. एकेक पृष्ठाची सुटी छपाई फार असेल तर ड्रम आधीच संपतो, कारण प्रत्येक कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तो रिकामा फिरतो.

प्रिंटरसोबत येणारा टोनर पुष्कळदा स्टार्टर असतो, ७००-१,००० पृष्ठांचा. तुमचा तो महिनाभरात संपेल. दुकानात विचारा, "आत पूर्ण टोनर आहे की स्टार्टर?"

रिफिलबद्दल. १२ए ला चिप नाही, म्हणून तो गल्लीत भरतात. साधारण १०० ग्रॅम पावडर लागते. पण भरण्याआधी वाया गेलेल्या पावडरचा कप्पा रिकामा करायलाच हवा. बरेच जण तो तसाच ठेवतात, मग तो ओसंडतो आणि पृष्ठावर राखाडी धूर आल्यासारखा दिसतो. तिसऱ्या-चौथ्या भरणीला ड्रम आणि त्याला पुसणारी वायपर ब्लेड बदलायची. नवा ड्रम शंभर-दोनशे रुपये जास्त घेतो म्हणून टाळला, तर दर ७५ मिलिमीटरवर तोच ठिपका दिसू लागतो. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा तो घेर. ब्रदरचा ड्रम ३० मिलिमीटरचा, तिथे तोच ठिपका ९४ मिलिमीटरवर येतो. दोष कुठला हे ओळखायला पट्टी घेऊन अंतर मोजा, अर्धं निदान तिथेच होतं.

टीएन-२३६५ ला बाजूला एक छोटं गियर असतं, भरल्यावर ते मूळ जागी फिरवलं नाही तर पावडर असूनही "टोनर संपला" येतं. एचपीच्या ११०ए ला चिप लागते. आणि ज्या मॉडेलच्या नावाच्या शेवटी "ई" आहे, एचपी प्लसवाले, त्यांना सतत इंटरनेट आणि कंपनीचंच कार्ट्रिज हवं. रिफिल करायचा विचार असेल तर ते घेऊच नका. इतर एचपी मॉडेल्समध्येही फर्मवेअर अपडेटनंतर बाहेरची चिप नाकारली जाऊ शकते, कंपनी तसं खोक्यावर छापते.

शाईवाला:
विरुद्ध मत मांडतो. ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर लेझर चालणार नाही. मग काळ्या शाईचा इंकटँक, म्हणजे बाटलीने शाई भरायचा प्रिंटर, का नको? पिगमेंट शाईची एक बाटली साधारण ६,००० पृष्ठं देते, छापताना वीस वॅटसुद्धा लागत नाहीत, आणि वीज नसताना प्रतिज्ञापत्र छापून कोर्टात जाता येतं. पृष्ठामागे खर्च पंधरा-वीस पैशांच्या घरात. महिन्याला हजार पृष्ठं छापणाऱ्याचं शाई सोडणारं हेड सुकत नाही, कारण रोज वापर होतो.

फ्यूजर:
विजेचा मुद्दा बिनतोड आहे. लेझरचा हीटर १८० ते २०० अंश सेल्सिअसला जातो. छापताना सरासरी ४००-५०० वॅट, पण हीटर पेटतो त्या क्षणी हजाराच्या आसपास ओढतो. म्हणूनच त्याच वेळी खोलीतला दिवा मिचकावतो. ६०० व्हीएचा संगणकाचा यूपीएस जेमतेम ३६० वॅटचा, त्याला लेझर लावला तर किंचाळून बंद पडतो आणि संगणकालाही घेऊन जातो. घरगुती इन्व्हर्टरचंही तेच, स्क्वेअर वेव्हचा असेल तर हीटरच्या नियंत्रणाला तो त्रासदायकच. लेझर थेट भिंतीतल्या स्वतंत्र प्लगला, एक्स्टेंशनवर संगणकासोबत नको.

पण इंकटँक निवडताना दोन गोष्टी लक्षात घ्या. बाटलीवर पिगमेंट लिहिलेलं असावं. डाय शाई असेल तर पावसात भिजलेल्या फाइलचा मजकूर पसरतो, आणि कोकणात फाइल भिजणं ही शक्यता नसून वेळापत्रक आहे. दुसरं, उन्हाळ्याच्या कोर्ट सुट्टीत मशीन महिनाभर बंद राहिलं तर शाईचं हेड सुकतं, आठवड्यातून एक पृष्ठ छापायची शिस्त लागते. लेझरची पावडर सुकत नाही, सहा महिन्यांनी चालू केला तरी पहिलं पृष्ठ नीट येतं. घाईच्या सकाळी ४० पृष्ठांचा दावा तीन प्रतींत काढायचा तर वेग लेझरलाच.

दोन्ही घेता आले तर उत्तम: रोजच्याला लेझर, अंधारासाठी छोटा इंकटँक. एकच घ्यायचा तर वीज कधी आणि किती वेळ जाते ते बघा. सकाळी नऊ ते अकरा जात असेल तर शाईवाल्यांचं ऐका.

कोर्टकागद:
वीज जाते ती बहुतेक दुपारी आणि पावसाळ्यात. सकाळची छपाई होते. म्हणजे लेझर. दोन शंका: १) स्टँपपेपर लेझरमधून काढताना काय जपायचं? २) पावसाळ्यात झेरॉक्सवाल्यांकडे कागद सारखे अडकतात, गोळा होतात. त्यावर उपाय?

पाठकोरा:
स्टँपपेपर आधी. तो कधीच ट्रेमध्ये ठेवू नका आणि कधीच ऑटो ड्युप्लेक्सला देऊ नका. समोरच्या मॅन्युअल फीडमधून एकेक द्यायचा, मागचं झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे कागद वळण न घेता सरळ मागे बाहेर पडतो. ब्रदरच्या टीएन-२३६५ वापरणाऱ्या छोट्या मॉडेल्सचा ट्रे १०५ ग्रॅमपर्यंतचा कागद घेतो, मॅन्युअल फीड १६३ ग्रॅमपर्यंत. फरक तिथेच कळतो. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार "थिक" निवडा, नाहीतर अक्षरं बोटाने घासली की निघतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच दस्तांना १०० ऐवजी ५०० चा मुद्रांक लागतो, म्हणजे एक कागद वाया घालवणंही पाचपट महाग झालंय. म्हणून आधी त्याच मापाच्या साध्या कागदावर छापून, तो मुद्रांकावर ठेवून उजेडात धरा. मजकूर वरच्या छापील भागावर चढत नाही ना ते दिसतं. लांबीही पट्टीने मोजा आणि ती कस्टम माप म्हणून भरा. लीगल निवडून टाकलं की शेवटची ओळ खाली सरकलेली किंवा कापलेली मिळते.

कोर्ट फी स्टँप छापल्यानंतर चिकटवायचे. आधी चिकटवून कागद आत दिला तर गोंद फ्यूजरवर, म्हणजे पावडर वितळवून कागदाला चिकटवणाऱ्या गरम भागावर, वितळतो आणि पुढच्या प्रत्येक पृष्ठावर डाग उमटतो. तसंच टाचणी किंवा स्टेपलची पिन. पाठकोरे कागद कच्च्या मसुद्याला वापरायची आपल्याकडे सवय असते, त्यात एक पिन राहिली तरी फ्यूजरची पातळ फिल्म फाटते, आणि फ्यूजर बदलायचा खर्च नव्या प्रिंटरच्या अर्ध्याच्या घरात जातो. पाठकोऱ्यांवर आधीची पावडर पुन्हा वितळते, तेही वेगळंच. मसुदा पडद्यावर वाचा.

आता पावसाळा. अडकण्याचं कारण प्रिंटर नसून ओलावा. जून-जुलैत पहिल्या दोन-तीन पृष्ठांबरोबर मागून पांढरा धूर आल्यासारखा दिसतो, ती कागदातली वाफ आहे, घाबरून प्लग काढू नका. ओला कागद एका बाजूने तापला की वळतो, वळलेला कागद ड्युप्लेक्समध्ये परत जाताना कोपरा अडकतो. दोन कागद एकदम ओढले जातात तेही ओलाव्यानेच.

उपाय: रिमचं वेष्टण आतून प्लास्टिकचं असतं, ते फाडून टाकू नका. कागद काढून झाला की तोंड दुमडून चिकटपट्टी लावा, शक्य असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ट्रेमध्ये पावसाळ्यात पन्नासच कागद. ७५ ग्रॅमचा कागद पुरतो, ७० चा लवकर वळतो. रात्री ट्रे रिकामा करणं कंटाळवाणं आहे, पण तेवढ्याने निम्म्या तक्रारी थांबतात. ब्रदरच्या ड्रायव्हरमध्ये "रिड्यूस पेपर कर्ल" असा पर्याय आहे, तो हीटरचं तापमान थोडं कमी करतो. तो चालू करून अक्षरं घासली जात असतील तर लगेच बंद करा.

कागद उचललाच जात नसेल तर पिकअप रोलर गुळगुळीत झालाय. पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. थिनर, पेट्रोल अजिबात नको, रबर फुगतं. वीज मधेच गेली आणि कागद आत अडकला तर दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मागचं झाकण उघडा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खाली करा आणि दोन्ही हातांनी कागद जाण्याच्याच दिशेने ओढा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. आणि रात्री वर कापड टाका. पाल आत शिरली तर बोर्डाचं काय होतं ते रिपेअरवाले सांगतील.

रिफिलवाला:
ब्रदरबद्दल एक राहिलं. पृष्ठावर वरपासून खालपर्यंत काळी रेघ आली की लोक टोनर बदलतात. टोनर नको, ड्रमवर हिरवी सरकती कळ असते, ती डावीकडून उजवीकडे सात-आठ वेळा फिरवा. ड्रमला विद्युतभार देणारी आतली कोरोना तार साफ होते. कळ पुन्हा बाणाच्या मूळ जागी आणून ठेवा, नाहीतर रेघ आणखी जाड येते. ड्रम नवा टाकला की मेन्यूतून त्याचा काउंटर शून्य करायचा. नुसता टोनर बदलताना तो काउंटर हलवायचा नाही, नाहीतर ड्रम कधी संपला ते कळणारच नाही.

अनुस्वार:
मराठी मजकुरासाठी एवढंच. टोनर सेव्ह बंद ठेवा. इंग्रजीत अक्षर फिकट झालं तरी वाचता येतं, आपल्याकडे अनुस्वार आणि रफार आधी उडतात. "वर्ष" चं "वष" होतं आणि "नांव" चं "नाव". दुसऱ्याने कोणी त्याची झेरॉक्स काढली की उरलंसुरलंही जातं. ६०० डीपीआय पुरेसं आहे, १२०० ने वेग कमी होतो आणि साध्या मजकुरात फरक डोळ्याला दिसत नाही.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी फाइल मोबाइलवरून छापायला दिली तर कचरा येतो. ज्या संगणकावर फाँट आहे तिथेच पीडीएफ करा, फाँट आत बसवून. मग कुठूनही छापा.

स्कॅनसाठी ३०० डीपीआय, साधा मजकूर असेल तर काळं-पांढरं, शिक्के पुसट असतील तर ग्रे. नॅप्स-टू हे मोफत सॉफ्टवेअर एडीएफमधून पीडीएफ करतं आणि त्यात मराठी ओसीआर जोडता येतं, म्हणजे पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो. आधी सम-विषम पृष्ठं वेगळी स्कॅन झाली असतील तर तेच सॉफ्टवेअर ती एकाआड एक लावून देतं.

कोर्टकागद:
सर्वांचे आभार. आता लीगल दोन्ही बाजूंनी हाताने छापायचं म्हणजे नेमकं कसं? आणि वायफायवाल्या प्रिंटरबद्दल शेजारच्या ऑफिसातून एकच तक्रार ऐकतो, "सारखा ऑफलाइन दाखवतो".

फ्यूजर:
लीगलचं: दोन पृष्ठांची चाचणी फाइल घ्या. ट्रेमधल्या वरच्या कागदाच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेशी, पेन्सिलने बाण काढा. पृष्ठ १ छापा. बाण कुठे आला ते बघा, म्हणजे प्रिंटर वरची बाजू छापतो की खालची हे कळतं. त्याप्रमाणे कागद उलटवून पृष्ठ २ द्या. जमलं की ती दिशा चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवा, बाजूला, वर नको, वर गरम होतं. मग मोठ्या फाइलला आधी सगळी विषम पृष्ठं, गठ्ठा सपाट दाबून, मग सम पृष्ठं. एकूण पृष्ठं विषम असतील तर शेवटचा कागद दुसऱ्या फेरीतून बाजूला काढा, नाहीतर गठ्ठा कुठून भरता त्यावर अवलंबून पूर्ण क्रम एका कागदाने चुकतो. एका वेळी पंधरा-वीस कागदच. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-४ आणि दोन्ही बाजू असा नियम केला, तिथलं काम असेल तर हा व्याप वाचतो.

ऑफलाइनचं कारण बहुतेक वेळा प्रिंटर नसतो. राउटर दर काही दिवसांनी प्रिंटरला नवा आयपी पत्ता देतो आणि विंडोज जुन्या पत्त्यावर शोधत बसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (त्याचा कायमचा ओळखक्रमांक) एक आयपी राखून ठेवा. मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, तिथे "डब्ल्यूएसडी" पोर्ट दिसेल, त्याऐवजी नवा "स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट" त्या पत्त्याने जोडा. दोन्ही संगणकांवर हेच. लॅन केबल लावली तर आणखी चांगलं, मोबाइल राउटरमार्फत पोचतोच. वायफायनेच जोडायचा असेल तर बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटरने २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल तर जोडणीपुरतं ५ बंद करा, प्रिंटर जोडला गेला की परत चालू.

दुकानात जाताना एक स्टँपपेपरच्या मापाचा जाड कागद आणि दहा पृष्ठांची मराठी पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन जा. डेमो मशीनवर मागचं झाकण उघडून तो कागद काढून दाखवा म्हणा, आणि लीगल कागद एडीएफमधून पूर्ण लांबीने स्कॅन होतो का ते तिथेच बघा.